कारण : इतर

शिवाजीनगर कोर्टाबाहेर
प्लास्टिकच्या खुर्चीतल्या टायपिस्टनं
मान वर न करता विचारलं,
जुनं नाव?

मी म्हटलं, कुठलं जुनं?

तेव्हा त्यानं चष्मा काढला.

सरकारच्या लेखी जुनी ती स्नेहल.
स्नेहल प्रभाकर शितोळे, वय एकावन्न, राहणार धनकवडी.
गॅस तिच्या नावावर, दोन ठेवी,
थायरॉइडची फाइल.
नवी ती द्वारका,
जी ओतूरच्या शाळेत पाचवीपर्यंत पहिली यायची
आणि जिच्या दाखल्यावर शाईचा डाग आहे.
आता तिनं पुरावे द्यायचे.

मधलं नाव, आडनाव राहू दे, म्हटलं.
मला फक्त सुरुवात हवीय.

लग्नात ताटात तांदूळ पसरून
अंगठीनं लिहिलं होतं ह्यांनी.
ह जरा वाकडा आला होता.
बायका म्हणाल्या, शोभतं हो,
द्वारका म्हणजे अगदीच आत्याबाई.
दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी
तेच तांदूळ मसालेभाताला घेतले.
मीही जेवले. मीठ कमी होतं.

तेव्हा काही लागलं नव्हतं,
ना शपथपत्र, ना ओळखपत्राची झेरॉक्स.

कारण लिहा, टायपिस्ट म्हणाला.
विवाह, घटस्फोट, अंकशास्त्र, इतर.
घटस्फोट का? त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं.
हे हेल्मेट छातीशी धरून घाईघाईनं म्हणाले,
छे छे, मी नुसता सोडायला आलोय.

मग कुणीच काही बोललं नाही,
आणि मग टायपिस्टच आधी हसला.

राजपत्र आलं तेव्हा शोधत बसले.
माझ्या वर एक बाळ,
नशिबासाठी नावात दोन ए वाढवलेलं.
माझ्या खाली कुणी वडिलांचं नाव काढून
आईचं लावलेलं.
मध्ये मी, बारीक टायपात,
दोन्ही नावं एकाच ओळीत,
एकमेकींकडे न बघता.

आधार केंद्रात बोटं उमटेनात.
शिवणकाम का ताई? मुलगा म्हणाला,
रुमालाला पुसा, पुन्हा ठेवा.
बँकेत सही जुळेना.
पेन टेकवलं की हात स कडेच वळतो,
तीस वर्षांची वळणं त्याला.
स्नेहल मॅडम, तुमचं नाव बदललंय, काउंटरवरची म्हणाली.
हो ना, म्हटलं.

द्वारके, अशी हाक मारणारी आई
जाऊन चौदा वर्षं झाली.
तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर
अर्जदार म्हणून स्नेहलच आहे.
तो काही बदलून मिळत नाही. विचारलं मी.

परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला
हे हेल्मेटच्या आतून सराव करत होते,
द्वा, द्वार,
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

घरी आल्यावर मात्र
स्वयंपाकघराच्या दारातून तेच नेहमीचं :
अगं, चहा टाकतेस?

तांदळात लिहिलेलं ते नाव
ह्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं,
हे मला तेव्हा, आधण ठेवताना, लक्षात आलं.

वीजबिल अजून स्नेहलचंच येतं.
भरते मी.