फुटामागं एक सूत

भाचीनं विचारलं, मामा, हेडिंगला काय लिहू?
मी रंधा खाली ठेवला.
उद्यमनगरात एकतीस वर्षं झाली,
माझं हेडिंग कुणी विचारलं नव्हतं.
पार्वती टॉकीजच्या मागं, तिसरा बोळ,
लाल शेलॅकचा वास येईल तिथं शिरा,
एवढा पत्ता पुरायचा.
गिऱ्हाईक यायचं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून.
आणणारा म्हणायचा, हा आपला दिगू, डोळं झाकून काम द्या,
नि माझ्या खात्यावर हाफ चहा पिऊन जायचा.

आता आणणारी माणसं कमी झाली.
काही शिरोलीला गेली, काहींना पोरांनी पुण्याला नेलं.
एक परवा वारला. त्याच्या डायरीत
माझ्यासारख्या चाळीस जणांचे नंबर होते.
डायरी रद्दीत गेली.

शर्वाणी टाइप करत होती:
औद्योगिक पॅटर्न डिझाइन तज्ज्ञ,
संस्थापक, दिगंबर इंजिनिअरिंग सोल्युशन्स.
मी म्हणालो, बाई, सोल्युशन म्हणजे आपल्याकडं
पंक्चरवाल्याची ट्यूब.
दुकान बारा बाय अठरा. संस्थापक मी, झाडलोट मी.
ती म्हणाली, मामा, तिथं सगळेच थोडं मोठं लिहितात.

माझी नजर भिंतीवरच्या पट्टीवर गेली.

पॅटर्नवाल्याची पट्टी खोटी असते.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून सूतभर लांब.
ओतलेलं बीड थंड होताना अंग चोरतं,
लाकूड बरोब्बर मापाचं केलं
तर भाग तोकडा निघतो.
पट्टी हातात देताना बापू म्हणाले होते,
फुटामागं एक सूत.
दोन धरलंस तर लोक तुला ओळखून असतील.

मी म्हणालो, लिही.
सोल्युशन्स तेवढं काढ.

आठ दिवसांत दोनशे अकरा ओळखी झाल्या.
गाझियाबादचा विमावाला. रोज पहाटे धीर देणारा एक गृहस्थ.
कोइमतूरची एक बाई वाळूवर लिहिते,
ओलावा किती, चिकणमाती किती, फार नेमकं. मी वाचतो.
माझ्या सागवानी इम्पेलरच्या फोटोला
पोलंडमधनं कुणी टाळ्या वाजवल्या.
त्या टाळ्यांना आवाज नव्हता.
ऑर्डरही नव्हती.

मग एका सोमवारी, शेड बंद,
पडद्यावर एक तोंड आलं. खाली अक्षरं:
तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल.
सर्जेराव चौगले, चौगले फौंड्री.

ओळखत असाल!
तीन शेड सोडून त्याची भट्टी.
नऊ वर्षांपूर्वी एका कोअरबॉक्सवरनं बोलणं तुटलं.
चूक लाकडाची का वाळूची,
ते अजून ठरायचंय.
त्याच्या धुराड्याची काजळी माझ्या फळ्यांवर बसते,
मी सकाळी फुंकतो.
एवढीच देवाणघेवाण.

अंगठा पडला.
चुकून म्हणवत नाही, मुद्दाम म्हणवत नाही.

त्याच आठवड्यात जामनगरहून निरोप:
चोवीस इम्पेलर, पॅटर्नसकट ओतून मिळतील?
पॅटर्न माझा. ओतायचं कुठं?
शिरोलीवाले चोवीस नगांसाठी फोन उचलत नाहीत.

साठ पावलं.
तेवढं चालायला मला जामनगरावरनं वळून यावं लागलं.

भट्टी निवलेली. तो खुर्चीत,
चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब धरून
माझंच पान वाचत होता.
"आली बघ तुझी रिक्वेस्ट," वर न बघता म्हणाला.
"डिझाइन तज्ज्ञ. संस्थापक.
लेका, जरा मोठंच लिवलंयस की रं."

"आकसणी धरलीया," मी म्हणालो.

हसला का खोकला, त्या काळ्या धुळीत कळलं नाही.
पोराला ओरडला, दोन हाफ सांग.
खिशातनं खडू काढला, खाली वाकला
नि फरशीवर इम्पेलरची पाती काढायला लागला.
पाच काढली.
मी म्हणालो, सहा हायत.
"पाच," तो म्हणाला.

जामनगरला अजून दर कळवायचाय.