घोड्याचा कोल्हा

सानेत्तीच्या पठारावर पोचलो, तेव्हा
धाप आमच्या आधी पोचली होती.
चार हजार मीटर, अब्दुरो म्हणाला,
आणि माझी पिशवी न विचारता खांद्यावर घेतली.

धुक्यात लोबेलियाची झाडं,
पाहुणे गेले तरी दारातच थांबलेल्या माणसांसारखी.
रात्रीचं दव गोठून बुटाखाली करकरत होतं.

त्याच्या ओरोमो बोलीत इथल्या लांडग्याला म्हणतात
घोड्याचा कोल्हा.
व्यायला झालेल्या घोडीमागून तो दिवसभर चालतो,
वार पडायची वाट बघत.

दुपारपर्यंत नुसते उंदीर.
सदतीस मोजले, मग सोडून दिलं.

आणि तो दिसला. विटेसारखा तांबडा,
मान कलती करून
जमिनीला कान देऊन उभा.
खाली कुणीतरी माती उकरत होतं,
त्याचं सगळं जग तेवढंच.
मी कॅमेरा काढला नाही.
खोटं कशाला, काढला;
बॅटरी गारठून मेली होती.

"माझा बुची पिसाळला," अब्दुरो हलकेच म्हणाला,
"त्याच साली इथं सहा मेले. अख्खं कुटुंब.
आता सुईवाले आले की
गावची कुत्री मीच धरून देतो."
मनगटावर दातांचे चार जुने वण.

लांडग्यानं झेप घेतली. चुकली.
अंग झटकून
पुन्हा तिथंच कान लावला त्यानं.

परतताना वेशीवर
एक पिवळं कुत्रं भुंकत धावून आलं.
अब्दुरो खाली बसला, त्याच्या नाकावर तळवा ठेवला,
लेकराचा ताप बघतात तसा.