गाडीचा घास

प्रतिमा म्हणाली, दोनच तास काकू,
ठाण्याला इंटरव्ह्यू आहे,
आणि दारात चप्पल चढवता चढवता सांगत राहिली:
डबा तिच्या पिशवीत आहे, भात कालवूनच ठेवलाय,
पाणी मध्ये मध्ये देऊ नका, त्यानेच पोट भरतं,
मोबाइल मागेल, देऊ नका.
बरं, अगदीच नाही ऐकलं तर द्या.

मी एका मोरपंखी साडीला फॉल लावत होते.
सुई उशीत खोचली, कात्री फ्रिजवर,
बटणांचा डबा कपाटावर.
सव्वीस वर्षं झाली, तरी हात विसरले नव्हते
घर कुठल्या उंचीपर्यंत धोक्याचं असतं ते.

जुई भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून,
तपासणीला आलेल्या साहेबासारखी.
आधी माझी बोटं हुंगली.
तुझ्या हाताला मशीनचा वास येतो.
येतो ग बाई.
साबणाने धुऊन आले. पुन्हा हुंगली.
पास झाले.

हा घास चिऊचा, मी सुरू केलं,
हा घास काऊचा –
काऊचा नको.
मग कोणाचा?
आजीचा. मालवणच्या.
घेतला.
पप्पाचा. घेतला, अर्धा.
मग म्हणाली, आता गाडीचा.

कुठल्या गाडीचा?
आमच्या. पांढऱ्या.
गाडीला भूक लागते?
हो. ती आता त्या काकांकडे राहते.
कोण काका?

तोंडात भात, एक गाल फुगलेला,
तिने बोट ओठांवर ठेवलं
आणि कुजबुजत मला शिकवलं:
ते बेल वाजवतात ना, तेव्हा असं बसायचं.
टीव्ही बंद. पंखा पण बंद.
आई मोठ्ठा घास देते मला.
म्हणजे आवाज येत नाही.

माझा हात तसाच, मध्येच,
मनगटावर एक शीत.
ती बेल मी ऐकली होती की.
आमची भिंत एकच, कन्नमवार नगरातली, खिळा ठोकला तर
पलीकडे कॅलेंडर हलतं.
कित्येक दुपारी पायडलवरचा पाय थांबवून
मी मनात म्हटलं होतं,
घरात असून दार उघडत नाही ही,
भारीच झोप आहे बाईला.

मग त्या काकांचाही घास निघाला.
तिनेच काढायला लावला.
छोटा कर. त्यांना छोटा.
तो गिळून हुश्श केलं, पाणी प्यायली,
मी दिलं पाणी, सांगितलं होतं तरी.

तळाशी एकच उरला, डाळ जास्त, भात कमी.
हा आईचा, म्हटलं.
आई नसते यात.
का?
आई भरवते.
पण आज तर मी भरवतेय.
यावर तिने खूप विचार केला,
केळ्याच्या सालीकडे बघत, माझ्याकडे बघत.
बरं, म्हणाली, पण आजच.

डबा घासला. रिकामा परत देऊ नये म्हणून
हात लाडवांच्या बरणीकडे गेला
आणि थांबला.
चार लाडू म्हणजे विचारपूस झाली असती.
चमचाभर साखर घातली, कुणालाही घालतात तशी.

प्रतिमा आली, घामाने ओढणी मानेला चिकटलेली.
कळवतो म्हणालेत.
त्रास दिला का हो?
छे ग.
काय काय बोलत होती?
काऊ नको म्हणाली, मी म्हटलं.
तिने झाकण उघडून साखर पाहिली,
पुन्हा लावलं.

आज दुपारी पलीकडे बेल वाजली,
लांब, मग तीनदा तुटक.
साडी हातातच होती, हातशिलाई चालली होती.
ती बाजूला टाकली आणि मशीनवर बसले,
दोन्ही पायांनी पायडल मारत राहिले
जिन्यात बुटांचा आवाज खाली उतरेपर्यंत.

सुईत दोरा नव्हता.