नऊने भाग

टेमा बंदरावर, तीन नंबरच्या गोदामावर
आमचं हिशेबखातं.
खिडकी उघडली की कोकोचा आंबूस वास,
लावली की प्रिंटरचा.
मी लागले तेव्हा डिसेंबर होता,
वाळवंटाकडून हरमॅटन वाहत होता,
प्रत्येक कीबोर्डवर त्याची बारीक, तांबूस सही.

एफुआ डाडझी. दोरीला लटकलेला चष्मा,
पायात रबरी चपला,
उंच टाचांचे बूट टेबलाखाली, फक्त बँकवाल्यांसाठी.
म्हणाली, सेलोर्म, तुझी पदवी छान आहे,
घरी भिंतीवर लाव.
आता चल, गोण्या मोजायच्यात.

तीन दिवस सत्तावीस सेडींचा फरक सुटेना.
सत्तावीस!
एवढ्यात आम्हा दोघींचं केंके आणि मासासुद्धा भागला नसता.
मी म्हटलं, किरकोळ खर्चात टाकून देऊ.
ती बोलली नाही. शितोची बोटं चाटली, पुसली,
मग विचारलं, नऊने भाग जातो?

जात होता.

म्हणजे कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदलल्यात, ती म्हणाली,
शोध.
पान एकशे बारा. ६३ हवे तिथे ३६.
समोरासमोर बसायचे ते दोघं
पाठ फिरवून बसले होते,
आणि मी तीन दिवस
अख्ख्या गोदामाला चोर समजत होते.

तिने हातचा राखून काही शिकवलं नाही.
बँकेच्या उताऱ्याशी मेळ आधी खालून घालावा, मग वरून.
जहाज सुटल्याचा कागद हातात आल्याशिवाय
विक्री धरू नये.
साहेबाला नाही म्हणताना आवाज खाली, आकडा पुढे.
रडायचं तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात,
तिथला दिवा गेलाय,
मी मुद्दामच तक्रार केलेली नाही.

चौथ्या वर्षी, एकतीस डिसेंबर.
आम्पोन्सा साहेब स्वतः वर आले.
बिल आजच्या तारखेला टाका,
जहाज काय, उद्या सुटेलच.
मी एफुआकडे पाहिलं.
ती पंच मशीनमधले कागदाचे गोल तुकडे
कचऱ्याच्या डब्यात ओतत होती,
जणू जगात तेवढंच काम उरलंय.

नंतर जिन्यात, अंधारात, म्हणाली,
मी टाकलं होतं एकदा. तू जन्मलीही नसशील.
मग? मी विचारलं.
मग काही नाही.
कुणी पकडलं नाही. बोनस मिळाला,
भावाच्या घरावर पत्रे चढले.
पण दर एकतीस डिसेंबरला मी खिडकीशी जाते,
धक्क्याला किती जहाजं बांधलीत ते मोजते.
अजून.

एवढंच. काय कर, ते सांगितलं नाही.
मला राग आला होता तिचा, खरं सांगते,
आयतं उत्तर हवं होतं मला.

मी बिल जानेवारीत धरलं.
साहेब सहा महिने माझ्या नमस्काराला
फाइलीतून मान वर न करता उत्तर देत राहिले.
बोनसचं पाकीट पातळ.
एफुआने ते हातात तोलून पाहिलं,
म्हणाली, बरोबर आहे वजन.

निवृत्त झाली त्या दिवशी
कॅल्क्युलेटर परत केला, खणाची किल्ली, छत्री.
एक निळं पेन पर्समध्ये ठेवता ठेवता थांबली.
ऑफिसचं आहे, म्हणाली,
आणि दोन सेडी माझ्या टेबलावर ठेवले.
अहो राहू द्या, मी म्हटलं.
तिने चष्मा चढवला आणि नुसती बघत राहिली.

मी पावती फाडली.
जमा: दोन सेडी.
कोणाकडून: ए. डाडझी.
कशाबद्दल, या रकान्यावर माझा हात बराच वेळ थांबला.
खाली तिची टॅक्सी हॉर्न देत होती.
शेवटी लिहिलं: पेन, एक नग.

यंदाच्या ऑडिटरने, कोवळ्या पोराने,
ती पावती उलटून पाहिली,
बरोबरची खूण केली
आणि पुढचं पान काढलं.