दीड लहर

मागल्या साली हा पत्रा मीच मारला होता.
खिळे लहरीच्या पोटात,
म्हणजे पाणी जिथून वाहतं बरोबर तिथंच,
आणि खाली रबर नाही, काही नाही.
श्रावण सरेपर्यंत काजूच्या सतरा गोण्यांना बुरशी.
बायका फोडणी थांबवून
बालद्या सरकवत बसायच्या.

म्हणून आता अडिवेप्पा. कित्तूरकडचा.
कानावर पेन्सिल, खिशात निळीची सुतळी,
पत्र्यावर चढण्याआधी
देवळात शिरावं तशी चप्पल काढणारा.

त्यानं पत्र्याला हात लावलाच नाही आधी.
टेप धरून शेडचे दोन्ही कर्ण मोजले.
एकोणतीस फूट दोन. एकोणतीस फूट सहा.
"चार इंच येडं हाय तुमचं शेड, सावकार.
पयला पत्रा वाकडा बसला की
शेवटचा शेजाऱ्याच्या घरात जातोय."
अर्धा दिवस आडवे पाइप सरळ करण्यात गेला.
मी मनात मजुरी मोजत राहिलो.

मग विचारलं, "गाळी कुठली?"
गाळी म्हणजे वारा. मी चोर्ल्याकडं बोट केलं.
तर हा गेला उलट्या टोकाला
आणि पुवेकडनं सुरुवात केली,
प्रत्येक पत्र्याची उघडी कड
वाऱ्याकडं पाठ करून निजावी म्हणून.
मी तेव्हा शिडी होती तिथनं सुरू केलं होतं.

दीड लहर शेजारच्यावर.
वीतभर खालच्यावर.
चार बोटं वळचणीबाहेर.
स्क्रू लहरीच्या माथ्यावर, उभा, डोळ्यासमोर,
आणि रबराची चकती जराशी फुगली की
"साकु."
मशीन माझ्या हातात दिलं.
पहिल्या तीन चकत्या मी चिरडल्या.
चौथ्याला त्यानं मनगटावर हात ठेवला.
"निधान," म्हणाला, "निधान,"
सरसू नव्या पोरींना शिकवते त्याच आवाजात:
टरफल फुटू दे गं, गर नको.

वरच्या टोकाला पक्कड घेऊन
एकेका नळीची जीभ त्यानं वर वळवली.
कोन बसल्यावर ती कुणालाच दिसणार नव्हती.
"पाऊस उलटा चढतोय हितं."
कणकुंबीचा पाऊस त्यानं कधी पाहिलेला नाही.

जेवायला खाली आलो.
त्याची कडक भाकरी, शेंगाचटणी.
माझ्या ताटात भात नि सुका बांगडा,
तसा तो उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला,
आणि तिथनं हसला.
मला बोलायची हुक्की आली.
म्हटलं, अडिवेप्पा, आपलंबी असंच की,
तुमची भाषा दीड लहर आमच्यावर,
आमची तुमच्यावर,
म्हणून तर गळत नाही.
तो चावत राहिला बराच वेळ.
"गंज पयला तिथंच धरतोय पण.
चढाच्या खाली. पाणी अडकतंय, दिसत नाही."
तांब्याभर पाणी प्यायला.
"म्हणून झाकायच्या आधी पुसायचं."

संध्याकाळी भोकं पाडलेली चमकदार भुकटी
रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडत तो अख्ख्या छपरावर फिरला,
पाऊल फक्त पाइपावर, पोकळीत कुठंच नाही.
ती राहिली तर दवानंच तांबूस ठिपके उठतात, म्हणाला.
ब्रश पायजम्याला पुसला. पुन्हा झाडलं.

सरसूनं आतनं दार लावून घेतलं.
अंधारात उभी राहून वर बघत होती.
बराच वेळ काही नाही.
मग हाक आली, "सावकार, एक हाय."
आत गेलो तर तिनं तळवा पुढं धरलेला,
त्यावर मोहरीएवढा उजेड.
तिसरा स्क्रू. माझा.

मी काही बोलायच्या आत
छपरावरनं एक हात खाली आला,
त्यात एक नवी चकती,
आणि मशीन.