छातीचा फोटो

तुर्भ्याच्या दवाखान्यात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही.
"फोटो काढलाय, बाई. छातीचा."
तर शिवाप्पा धोत्रेचे तीन फोटो माझ्या कपाटात आहेत.
तिन्हींवर निदान एकच, क्षय.
तिन्ही वेळा बेडका निगेटिव्ह.
गोळ्यांचा कोर्स दोनदा पुरा केला त्यानं,
रिकामी पाकिटं पिशवीतून आणून मोजून दाखवली,
तरी केसपेपरवर कुणीतरी निळ्या शाईत लिहिलं:
रुग्ण सहकार्य करत नाही.

क्रशरवर सव्वीस वर्षं.
हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं.

बेलापूरच्या बैठकीत मी यादी ठेवली.
वयानं लावली, काही दिसेना.
पत्त्यानं लावली, थोडं दिसलं.
आडनावानं लावली तेव्हा
कुसाळकर, देवकर, देवकर, धोत्रे, धोत्रे, धोत्रे,
पान उलटलं तरी धोत्रे,
मग विटकर.

साहेब म्हणाले, आडनावाचा रकाना काढून टाका,
आपण काही जात बघत नाही.
खरंय. धूळही बघत नाही.
ज्याला जिथं उभं केलंय, तिथं ती जाते.

शहराची सरासरी उत्तम आहे.
सरासरी नेरुळला राहते, अकराव्या मजल्यावर,
सकाळी पाम बीचला चालायला जाते.
माझी शेजारीणच म्हणा.
आपल्या स्लॅबची खडी कुठली, असं सोसायटीत एकदा विचारलं मी.
हसले सगळे.

माझं आडनाव त्या यादीत नाही.
यल्लूबाईनं पहिल्याच दिवशी ते विचारलं,
आणि ऐकल्यावर
पाण्याचा तांब्या तसाच आत नेला.
मला तहान लागली होती. मी मागितलं नाही.
आता चहा देते.
कप मात्र दोनदा विसळते, माझ्यादेखत.

काल म्हणाली, "त्यातला एक फोटू मला द्या."
भरपाईच्या अर्जाला मूळ फिल्म लागते, मी सांगू लागले,
सिलिकोसिस सिद्ध करायचा तर...
"दुसरा फोटूच न्हाई त्याचा.
आधारवरचा तर कुणाचाबी वाटतोय."

मग मी पाकीट उघडलं.
दाराच्या उजेडात तिनं फिल्म धरली, आधी उलटी,
मी सरळ करून दिली.
मी छायांकडं बघत होते, वरच्या भागातल्या.
तिचं बोट खाली, डावीकडं थांबलं,
जिथं एक बरगडी वाकडी जुळलीय.
तीन डॉक्टरांनी आणि मी ती कधी वाचली नव्हती.

"ट्रॉलीवरनं पडला तवाची," ती म्हणाली.
"ह्यो त्योच."