निरीक्षण विहीर क्रमांक सात

दर तिमाहीच्या दुसऱ्या मंगळवारी
मी मानखुर्दच्या पुढे जीपमधून उतरते.
आइसबॉक्स, सात बाटल्या, मार्कर, पट्टी,
आणि एक फॉर्म, ज्यात ‘शेरा’ या रकान्याला
बोटभर जागा आहे.

सात नंबर म्हणजे विहीरही नाही खरं तर.
जमिनीत रोवलेला चार इंची पाइप,
वर लोखंडी झाकण, त्याला कुलूप.
कुलूप दोनदा चोरीला गेलं. पाणी कुणी नेलं नाही.

आधी पट्टी सोडायची, पाणी किती खोल ते लिहायचं.
मग साचलेलं उपसून फेकायचं, तिप्पट,
कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी खोटं बोलतं,
असं मेंढे सरांनी शिकवलं होतं,
जे रिपोर्टवर सही करताना
खिडकीबाहेर बघायचे.
त्यानंतर येतं ते ताजं:
चहाच्या दुसऱ्या उकळीच्या रंगाचं.
हुंगू नये असा नियम नाही. मी हुंगते.

मागे डोंगर. इथे त्याला कुणी कचरा म्हणत नाही.
‘बाप कुठाय?’ ‘डोंगरावर.’
शाळेतली पोरं चित्रात एकच डोंगर काढतात,
त्यावर सूर्याच्या जागी घारी.

नियम सोपा आहे:
एक विहीर वरच्या अंगाला, घाण पोचली नाही तिथे,
बाकीच्या उताराला,
आणि दोन्हींतला फरक म्हणजे डोंगराचा गुन्हा.
नियम करणाऱ्याने डोंगर वाढेल हे धरलं नव्हतं.
त्याच्या पोटात पाणी तुंबलं, फुगलं,
चहूकडे ढकलू लागलं,
आता वरचं अंग उरलंच नाही. सगळा उतारच.
एक नंबरचं पाणीही चहाच.
क्लोराइड, अमोनिया, शिसं, सातशी तंतोतंत,
शेजारच्याचा पेपर बघून लिहिल्यासारखं.
मग फॉर्म वजाबाकी करतो:
‘लक्षणीय फरक आढळला नाही.’
खाली गोल शिक्का.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो
संशय आला की.
मला संशय नाही.
मला फुटा-इंचात माहीत आहे.

गेल्या खेपेला शेऱ्यात लिहिलं, अक्षर बारीक करून:
‘तुलनेची विहीर हलवावी.’
सहा आठवड्यांनी कागद परत आला,
लाल शाईत एकच शब्द:
‘कुठे?’

नकाशा मांडीवर घेऊन बसले मग एक रविवार.
इकडे खाडी, तिकडे गल्ल्या, मधून नाला,
नाल्यावर नवं बांधकाम.
निव्वळ पाणी असलेलं पाणी
या शहराखाली कुठून सुरू होतं?
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

चतुराबाई हातागळे प्लास्टिक धूत असते
पाइपापासून वीस पावलांवर, बोअरच्या पाण्यात.
पिशव्या तारेवर वाळत घालते,
दुधाच्या वेगळ्या, वेफरच्या वेगळ्या.
‘काय निघालं गं पाण्यात?’
‘रिपोर्ट यायचाय.’
‘अकरा वर्षं यायलाच लागलाय.’
हात पुढे करते. मनगटापासून कोपरापर्यंत
कातडी सोललेल्या बटाट्यासारखी.
‘हा घे. इंग्रजी नाही, पण वाचता येतो.’

आज तिने धुऊन ठेवलेली एक बाटली पुढे केली.
‘माझ्या मोरीतल्या बोअरचं. हेही तपास.
पीत नाही आम्ही. पण लेक भात धुते त्यात.’

तिच्या मोरीला नंबर नाही.
रजिस्टर सातावर संपतं.
बाटली आपल्याकडची नाही, निर्जंतुक नाही,
प्रयोगशाळा झाकणसुद्धा उघडणार नाही.
हे सगळं तिला सांगायला तोंड उघडलं
आणि विचारलं,
‘किती फुटांवर लागलं होतं?’

आइसबॉक्समध्ये सातच खाचा.
आठवी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून
मांडीवर घेतली. जीप खड्ड्यातून निघाली.
तापली तर नमुना बाद.

‘मॅडम, ही कुठली?’ ड्रायव्हर विचारतो.

मी मार्करचं टोपण दाताने काढते.